खेळातलं जंजिरा राष्ट्र आणि ग्रुपवर पेटलेलं रान

मंडळी, पोस्ट लांब आहे. जेवणं आटोपून निवांत वाचा. पण अर्धी वाचून खाली तलवारी उपसू नका, एवढी विनंती.

विषय तुम्हाला माहीतच आहे. आपल्या तालुक्यातली चार पोरं, दोघं इंजिनिअरिंगला, एक बीएस्सी, एक नुसताच हुशार, मिळून एक युद्धाचा खेळ तयार करतायत. मोबाइलवरचा नाही, टेबलावर मांडायचा. फ्लेक्सवाल्याकडून छापून घेतलेला हिंदी महासागराचा मोठा नकाशा, त्यावर मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी घरं, पुठ्ठ्याच्या सोंगट्या, फासे आणि चाळीस पानांचं नियमांचं बाड. काळ आहे सन २१७०. समुद्र चढलाय, अर्धी मुंबई पाण्यात, दिल्लीचा वचक सुटलेला. या नकाशावर दोन नवी राष्ट्रं आहेत. एक, दक्षिण आफ्रिकेतून फुटून निघालेलं झुलू राष्ट्र. दुसरं, दिघी बंदरापासून रेवदंड्यापर्यंतच्या किनाऱ्यावर उभं राहिलेलं ‘जंजिरा’, आणि त्याच्या गादीवर सिद्दी.

नकाशाचा फोटो कुणीतरी ग्रुपवर टाकला आणि रान पेटलं. "देश तोडायचे खेळ", "सिद्दीचं राज्य परत आणताय का", "पोलीस स्टेशनला निवेदन देऊ". एका वकील महाशयांनी भारतीय न्याय संहितेचं कलम १५२ सुद्धा टाकलं. पोरं घाबरली. सगळं जाळून टाकतो म्हणाली. "काका, तुम्ही पत्रकार, तुम्हीच सांगा काय करू", म्हणून ते बाड माझ्याकडे आलं. दोन रात्री बसून वाचलं. जे वाटलं ते पोरांना सांगितलंय, आता जाहीर लिहितो.

कलमाचं आधी उरकतो. १५२ हे जाणूनबुजून फुटीरपणाला, सशस्त्र बंडाला चिथावणी देण्याबद्दल आहे. फासे टाकून पुठ्ठ्याची गलबतं सरकवण्याबद्दल नाही. आणि कल्पनेतला इतिहास बदलला म्हणून कोणी देशद्रोही ठरणार असेल, तर पहिला गुन्हा डॉ. जयंत नारळीकरांवर दाखल करावा लागेल. ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या गोष्टीत त्यांनी पानिपत चक्क मराठ्यांना जिंकून दिलंय. मराठी माणूस ती गोष्ट कौतुकाने वाचतो. दिवाळीत आपण अंगणात मातीचे किल्ले करतो, तोसुद्धा युद्धाचाच खेळ. मावळे मांडतो, तोफा ठेवतो, आळीव पेरून जंगल करतो. फरक एवढाच की बाजारात मावळे मिळतात, महाराज मिळतात, भाजीवाली आणि वाघसुद्धा मिळतो, पण समोरच्या शत्रूची फौज सहसा विकत मिळत नाही. त्यामुळे आपला किल्ला कायम एकट्यानेच लढतो. या पोरांनी समोरच्याला सोंगटी दिली, त्याला चाल दिली. मला तरी हे पुढचं पाऊल वाटतं.

तेव्हा खेळ करू द्या, हे माझं पहिलं म्हणणं. दुसरं म्हणणं पोरांना जास्त झोंबलं. खेळ करताय तर राष्ट्र नीट तयार करा. आत्ता जे केलंय त्याला राष्ट्र म्हणत नाहीत, फॅन्सी ड्रेस म्हणतात.

झुलू राष्ट्राचं पान उघडलं तर काय? बिबट्याच्या कातड्याची चिलखतं, लेझरचे भाले, आणि ‘एकजूट, कडवे, मरणाला न भिणारे’ असं तीन शब्दांत अख्ख्या समाजाचं वर्णन. हे बहुतेक ‘ब्लॅक पँथर’मधून आलंय. पण त्या सिनेमातलं वाकांडा मुळात कुठेच नाही, आणि तिथे जी भाषा वापरली ती खोसा आहे, झुलू नाही. खरे झुलू दक्षिण आफ्रिकेत कोटीच्या वर आहेत. घरी झुलू बोलणारे त्या देशात जवळपास चौथा हिस्सा. एवढे लोक ‘एकजूट’ असते तर तिथलं राजकारण केव्हाच संपलं असतं.

पोरांना सांगितलं, झुलू राष्ट्र फुटून निघेल का, हा प्रश्न २१७० चा नाही, १९९४ मध्ये खरोखर येऊन गेलाय. वर्णभेद संपून पहिली सार्वत्रिक निवडणूक व्हायची होती. मँगोसुथु बुथेलेझी यांच्या इंकाथा पक्षाने बहिष्कार घातला होता. झुलू राजाचा मान आणि प्रांताचे अधिकार यावर अडून बसले होते. क्वाझुलू वेगळं व्हायची भाषा सुरू होती. इंकाथा आणि नेल्सन मंडेलांच्या काँग्रेसमधल्या मारामाऱ्यांत त्याआधीच्या काही वर्षांत हजारो माणसं मेली होती, आणि त्यातली पुष्कळशी दोन्हीकडून झुलूच होती. हे ऐकून पोरांची ‘एकजूट’ तिथेच संपली. मतदानाला जेमतेम आठवडा उरला असताना, १९ एप्रिलला, बुथेलेझी तयार झाले. मतपत्रिका छापून झालेल्या! मग इंकाथाच्या नावाचं स्टिकर वेगळं छापून मतपत्रिकेच्या तळाला चिकटवलं. एक देश फुटता फुटता राहिला तो असा, स्टिकरवर. त्याच सुमारास प्रांतातली सुमारे २८ लाख हेक्टर जमीन राजाच्या नावे एका विश्वस्त संस्थेकडे गेली, इंगोन्यामा ट्रस्ट. तिच्यावरून आजही भांडणं चालू आहेत. आता सांगा, लेझरचा भाला जास्त मजेशीर की हे?

शिवाय डर्बन. फुटलेल्या झुलू राष्ट्राची राजधानी पोरांनी डर्बनच ठेवलीय. बरोबर आहे, बंदर मोठं आहे. पण डर्बनमध्ये राहतं कोण? १८६० च्या नोव्हेंबरात ‘ट्रुरो’ जहाजातून पहिले गिरमिटिया मजूर तिथे उतरले, आणि आज भारतीय वंशाच्या लोकांची तिथे फार मोठी वस्ती आहे. १९४९ मध्ये तिथे झुलू आणि भारतीयांमध्ये भयानक दंगल झाली, १४२ माणसं गेली. तुमच्या नव्या राष्ट्रात या लोकांचं काय? ते नागरिक की परके? नियमांच्या चाळीस पानांत त्यांच्यासाठी एक ओळ नाही. मी विचारलं तेव्हा एकजण म्हणाला, "काका, ते आपोआप आपल्या बाजूने येतील ना." पाच पिढ्या तिथे जगलेला माणूस आपोआप आपल्या बाजूने कशाला येईल? हाच प्रश्न उलटा करून जंजिऱ्याला लावा, म्हणजे आपण घरी पोहोचतो.

जंजिऱ्याचं पान झुलूंच्या पानाची नक्कलच आहे. काळे धिप्पाड सिद्दी, कलालबांगडी तोफेची विजेवर चालणारी महातोफ (ही कल्पना मला आवडली, उगाच खोटं कशाला बोलू), आणि गोष्ट अशी की ‘आफ्रिकेतून सिद्दी परत येतात आणि किल्ला घेतात’.

परत येतात म्हणजे? गेले कुठे होते?

सिद्दी इथे पाचशे वर्षांहून जास्त काळ आहेत. कर्नाटकात यल्लापूर, हल्याळ, अंकोला या भागात आजही सिद्दी शेती करतात, जंगलावर जगतात, कोकणी बोलतात. २००३ मध्ये त्यांना अनुसूचित जमातीत घातलं. गुजरातेत गीरच्या जंगलाजवळ जांबूरला त्यांचं गाव आहे. मलिक अंबर इथिओपियात जन्मला, गुलाम म्हणून विकला गेला आणि दख्खनमध्ये निजामशाहीचा सर्वेसर्वा झाला. आजचं छत्रपती संभाजीनगर त्याने १६१० मध्ये खडकी म्हणून वसवलं, आणि मेला तोही इथेच, खुलताबादेत पुरलाय. राजापुरीजवळ खोकरीला जे घुमट आहेत त्यांच्याखाली झोपलेले सरदारही परत कुठे गेले नाहीत. आपल्याकडे अजून सहज ‘हबशी’ म्हणतात, हावऱ्यासारखा खाणाऱ्याला, काळ्या रंगाला. त्या शब्दामागचा मूळ अर्थ फक्त अबिसिनियाचा माणूस, एवढाच आहे. खेळातल्या सोंगटीवर पोरांनी हाच शब्द छापलाय. तो बदला म्हटलं. ते ऐकताहेत.

आता ग्रुपवरच्या जाणत्यांसाठी. जंजिरा वेगळं राज्य होतं, ही काही पोरांची कल्पना नाही. आपले आजोबा-पणजोबा त्या राज्याचे रयत होते. १९०१ च्या जनगणनेत संस्थानची लोकसंख्या ८५,४१४, क्षेत्रफळ ३२४ चौरस मैल. मुरुड, म्हसळे, श्रीवर्धन हा आपला पट्टा, आणि शिवाय पार तिकडे काठेवाडच्या किनाऱ्यावर जाफराबाद! एका राज्याचे दोन तुकडे आणि मध्ये शेकडो मैल समुद्र. खेळ करणाऱ्याला याहून चांगली मांडणी स्वप्नात सुचणार नाही, आणि पोरांच्या नकाशात जाफराबाद नाहीच.

या राज्यात सिद्दी मूठभर. बाकी सगळे कुणबी, कोळी, आगरी, भंडारी, महार, ब्राह्मण, प्रभू, कोकणी मुसलमान. म्हणजे राज्य सिद्द्यांचं, पण भात पिकवणारा कुणबी, होडी हाकणारा कोळी आणि दप्तर लिहिणारा प्रभू किंवा ब्राह्मण. या माणसांशिवाय किल्ल्यावर एक दिवस चूल पेटली नसती. आणि ही माणसं कायम सिद्द्याच्या बाजूने होती का? श्रीवर्धनचे भट हे सिद्द्याच्या मुलखातले देशमुख. त्यांच्यातला बाळाजी विश्वनाथ सिद्द्याच्या जाचाने देशावर गेला आणि पेशवा झाला. बाळाजी आवजी चिटणीसांचे वडील सिद्द्याच्या चाकरीत होते. सिद्द्याने त्यांना मारलं, आणि मुलगा शिवाजी महाराजांचा चिटणीस झाला. थोडक्यात जंजिऱ्याचे सगळ्यात हुशार शत्रू जंजिऱ्यातच तयार झाले. पोरांच्या खेळात ‘प्रजा’ नावाची सोंगटीच नाही. मी म्हटलं, ती करा. आणि तिला पाय द्या. जाच वाढला की ती समोरच्याच्या पटावर जाऊन बसली पाहिजे.

गादीचंही तसंच. पोरांनी सिद्दी नवाबाला वंशपरंपरेने सम्राट करून टाकलंय. सुरुवातीची कितीतरी वर्षं जंजिऱ्यात बापानंतर मुलगा असं नव्हतं. सिद्दी सरदार मिळून आपल्यातला एक निवडायचे. त्यात भांडणं, कैदा, खूनही. साधारण १६७० च्या सुमारास फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांना द्यायला तयार झाला होता. बाकीच्या सरदारांनी, संबळ, कासम, खैर्यत यांनी त्याला धरून बाजूला केलं आणि मोगलांशी संधान बांधलं. त्या एका रात्री कोकणचा इतिहास फिरला. खेळात हा प्रसंग नको? प्रत्येक डावात सरदारांनी मत द्यायचं आणि हरलेल्या सरदाराने फुटायचं की राहायचं ते ठरवायचं. हे सांगितल्यावर त्यांच्यातला ‘नुसताच हुशार’ आहे ना, त्याने तिथल्या तिथे कागद काढला.

मग खर्च. आरमार बाळगायचं तर पैसा कुठून येतो? ३२४ चौरस मैलांच्या भातातून येत नाही. सिद्दी आदिलशाहीचा होता, मग मोगलांचा झाला. सुरतेच्या महसुलातून त्याला नेमणूक मिळायची. बदल्यात मोगलांची आणि हाजींची जहाजं सांभाळायची. म्हणजे त्याचं आरमार भाड्याचं, आणि भाडं देणारा दूर बसलेला. पावसाळ्यात गलबतं किनाऱ्याला लावावी लागायची, तर सिद्दी सरळ मुंबईच्या बंदरात, माझगावला येऊन बसायचा. इंग्रजांना ते नकोसं, पण मोगलांच्या धाकाने हाकलताही येईना. यावर तोड म्हणून महाराजांनी १६७९ मध्ये मुंबईच्या तोंडाशी खांदेरी बांधायला घेतली. इंग्रज आणि सिद्दी दोघेही तुटून पडले. पुढच्याच वर्षी सिद्द्याने शेजारचं उंदेरी बळकावलं. एका बेटावर हे, दुसऱ्यावर ते, मध्ये हाकेचं अंतर. आणि १६८९ मध्ये त्याच सिद्दी कासमने, म्हणजे याकूतखानाने, मुंबईवरच उतरून इंग्रजांना वर्षभर किल्ल्यात कोंडलं. औरंगजेबापुढे हात जोडून, दीड लाख रुपये भरून त्यांची सुटका झाली. पोरांच्या नियमांत ऋतूच नाहीत. कोकणच्या समुद्रावरचा खेळ आणि त्यात जून ते सप्टेंबर गलबतं मोकळी फिरतात? ज्यांनी २०२० च्या ३ जूनला ‘निसर्ग’ पाहिलंय, वाड्यांमधल्या सुपाऱ्या काडेपेटीतल्या काड्यांसारख्या आडव्या झालेल्या पाहिल्यात, त्या पोरांनी हे विसरावं?

इथे ग्रुपवरचा एक आक्षेप प्रामाणिक आहे, त्याला उत्तर देतो. एका जुन्या शिक्षकांनी लिहिलं, ‘सिद्द्याने रयतेवर केलेले अत्याचार विसरून त्याला हिरो करणार का?’ गुरुजी, अजिबात नाही. माणसं पळवली, विकली, गावं जाळली, हे सगळं खरं आहे. चिमाजी अप्पांनी १७३६ मध्ये सिद्दी सात याला मारलं तेव्हा या किनाऱ्यावर किती घरांत समाधान झालं असेल, याची कल्पना करता येते. पद्मदुर्ग समोर उभा आहे, तो कशासाठी बांधला ते आपण विसरलेलो नाही. माझं म्हणणं एवढंच की राक्षस केला तरी तो खोटा, आणि वाकांडाचा राजा केला तरी तो खोटाच. जो सिद्दी माणसं विकत होता त्याच गादीवरच्या नंतरच्या माणसाने, सिद्दी अहमदखानाने, मुरुडात शाळा चालवल्या, गारंबीचं पाणी गावात आणलं. त्याच्या नावाची सर एस. ए. हायस्कूल अजून आहे आणि ग्रुपवर भांडणाऱ्यांपैकी निम्मे तिथेच शिकलेत. फणसाडचं अभयारण्य नवाबाची शिकारीची राखीव जागा होती म्हणून टिकलं, आणि तिथे सरपणाला जाणाऱ्यांना नवाबाचे शिपाई बडवायचे म्हणूनही टिकलं.

गंमत बघा, अहमदखान गादीवर आला १८७९ मध्ये. त्याच वर्षी जानेवारीत इसांडलवाना इथे झुलूंनी इंग्रजांची अख्खी छावणी कापून काढली, आणि जुलैमध्ये उलुंदीला इंग्रजांनी झुलू राज्य मोडलं. मोडल्यावर त्यांनी काय केलं? त्या राज्याचे तेरा तुकडे करून तेरा सरदारांना वाटले. पुढची काही वर्षं झुलू आपापसातच मेले. इकडे जंजिऱ्याला मात्र त्यांनी मोडलं नाही. रेसिडेंट बसवला, तोफांची सलामी दिली आणि ठेवून घेतलं. आफ्रिकी वंशाची दोन राज्यं, इंग्रज एकच, आणि दोन तऱ्हा. पोरांनो, तुमच्या खेळात जो कोणी महासत्ता घेऊन बसेल त्याच्या हातात ही दोन्ही पानं द्या. मोडायचं की ठेवून घ्यायचं, त्याचं त्याला ठरवू दे.

शेवटचा आक्षेप, ‘सिद्दीचं राज्य परत आणताय का’. ते राज्य कसं गेलं ते तरी आठवा. १९४८ च्या जानेवारीअखेर नानासाहेब पुरोहितांच्या नेतृत्वाखाली लोक उठले, मोहन धारियांसारखी तरुण पोरं लोकसेना घेऊन आली, म्हसळे आणि श्रीवर्धन ताब्यात आलं आणि नवाबाने विलीनीकरणाला मान्यता दिली. साडेचारशे वर्षांत जो किल्ला पोर्तुगीजांना, इंग्रजांना, मराठ्यांना लढून मिळाला नाही, ज्याच्यासाठी संभाजी महाराजांनी समुद्रात दगडांचा सेतू टाकायला घेतला, तो किल्ला तोफ न डागता आला. कारण किल्ल्याबाहेरची माणसं ‘आता पुरे’ म्हणाली. त्यात सगळ्या जातीधर्मांची होती. पोरांच्या खेळात जंजिरा जिंकायचा एकच मार्ग आहे, तटाला भगदाड. दुसरा मार्ग घाला म्हटलं, तो खरा आहे. जंजिऱ्याचा खेळाडू तटावर कितीही तोफा चढवून बसला तरी म्हसळ्याच्या बाजारात तो हरू शकला पाहिजे.

आणि हो, डर्बनच्या भारतीयांचा प्रश्न मी उलटा लावणार होतो, तो राहिला. २१७० च्या तुमच्या जंजिऱ्यात मुरुडच्या कोळणीने कुणाच्या बाजूने जायचं? भाषेच्या, धर्माच्या, की ज्या बंदरावर तिची मासळी उतरते त्या बंदराच्या? दिघीचं बंदर आज कोणाचं आहे, आगरदांड्याची जेट्टी कोणासाठी बांधली, मच्छीमारांना तिथे किती जागा उरली, हे २०२५ चेच प्रश्न आहेत. तिला ‘आपोआप आपल्या बाजूची’ धरून खेळ लिहिलात तर तो पहिल्याच डावात फसेल.

पोरांनी बाड जाळलेलं नाही. नाव बदलायचं का यावर त्यांच्यात दोन तट पडलेत. मी मध्ये पडत नाही. एक मदत मात्र मुरुडकरांनी करावी. कोणाच्या घरी संस्थानकाळातले दाखले, स्टॅम्पपेपर, शेतसाऱ्याच्या पावत्या, मोडीतली पत्रं पेटीत पडून असतील, तर त्यांचे फोटो काढू द्या. प्रजेच्या सोंगटीवर किती सारा लावायचा, कोणत्या महालाला किती, हे त्यांना अंदाजाने लिहायचं नाहीये. ज्यांनी निवेदन द्यायची भाषा केली त्यांच्या घरात असे कागद सर्वात जास्त असणार, हे मला ठाऊक आहे. इनबॉक्समध्ये कळवा. पोरं स्वतः येतील, कागद घरातून हलवणार नाहीत.